लॉस एंजेलिस: एक कपाट आणि न सापडलेली पाटी

हॉलिवूड, डिस्नेलँड, बीच हे सगळं यथासांग झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही. लिहायचंच झालं तर ४०५ फ्रीवेवरच्या ट्रॅफिकवर लिहीन, पण उगाच कशाला डोकं तापवा!

माझी भाची इथल्या यूसीएलए विद्यापीठात शिकते. तिला म्हटलं, इंटरनेटवरचा पहिला निरोप जिथून गेला ती बोल्टर हॉलमधली ३४२० नंबरची खोली दाखव. "मामा, त्या बिल्डिंगमध्ये बघण्यासारखं काय आहे?" ती रोज तिथूनच ये-जा करते. दारातून आत शिरल्यावर जमिनीवर गडद आणि फिक्या फरशा लागतात, वरवर पाहता कशाही बसवलेल्या. खरं तर ते शून्य आणि एक आहेत. आस्की कोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या सांकेतिक लिपीत, वाचले की 'लो अँड बिहोल्ड!' (बघा तर खरं!) अशी अक्षरं निघतात. तिला पत्ताच नव्हता. पोरं कॉफीचे कप घेऊन त्यावरून भराभर चालली होती.

खोली लहानशी, १९६९ सालासारखी परत सजवलेली. मला बघायचा होता तो आयएमपी: हनीवेलच्या कॉम्प्युटरला बीबीएन कंपनीने दिलेलं नवं रूप, म्हणजे आजच्या राउटरचा खापरपणजोबा. राखाडी रंगाचं, गोदरेजच्या कपाटासारखं धूड, आणि वर उचलायला चक्क लोखंडी कड्या! लष्कराच्या पैशातून झालेलं काम, त्यामुळे नाजूकपणाचं नाव नाही. मी त्या कड्यांकडेच बघत राहिलो. क्लाउड वगैरे शब्द ऐकून ऐकून हे सगळं हवेतच चालतं असं वाटायला लागलं होतं, आणि इथे ते क्रेनने उचलायच्या बेताचं समोर उभं!

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री चार्ली क्लाइन हा विद्यार्थी या ठिकाणाहून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करत होता. तिकडे बिल ड्युव्हॉल. दोघांच्या कानाला फोन. एल पोचला का? पोचला. ओ? पोचला. जी दाबला आणि पलीकडची सिस्टिम कोसळली. म्हणजे नेटवरचा पहिला निरोप 'लो' एवढाच, आणि तो पोचला की नाही हे विचारायला साधा टेलिफोन! तासाभरात दुरुस्ती होऊन जोडणी झाली. लॉगबुकात साडेदहाची नोंद आहे, स्टॅनफर्डशी बोलणं झालं अशी, जेमतेम एका ओळीची. फुशारकी नाही, उद्गारचिन्ह नाही. हे मला भयंकर आवडलं.

दुसऱ्या दिवशी हट्टाने मरीना डेल रे गाठलं, डॉट कॉमसारख्या नावांची पद्धत जिथे आखली गेली ते ठिकाण. नेटवरच्या मशीनांची नावं आधी मेन्लो पार्कला एलिझाबेथ फाइनलर यांच्या ऑफिसात एका फाइलमध्ये ठेवली जात. नवं नाव हवं तर तिथे कळवायचं, आणि ती फाइल सगळ्यांनी उतरवून घ्यायची. मशीनं वाढली तसं हे झेपेना. मग १९८३ मध्ये इथल्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस आखलं, म्हणजे नावावरून मशीनचा नंबर शोधून देणारी व्यवस्था: एकच मोठी यादी नको, ज्याने त्याने आपापल्या शाखेची नावं सांभाळावीत. डॉट कॉम, डॉट ईडीयू ही मंडळी पुढच्या दोनेक वर्षांतली. नेटवरच्या या नंबरांची वही जॉन पोस्टेल सांभाळायचे, तेही यूसीएलएचेच विद्यार्थी. त्यांनी ती १९९८ मध्ये जाईपर्यंत सांभाळली.

ॲडमिरल्टी वेवर काचेचे टॉवर, समोर श्रीमंतांच्या बोटी. मी दोन्ही बाजूंनी चकरा मारल्या. पाटी म्हणून कुठे दिसली नाही. सिक्युरिटीवाल्याला विचारलं तर त्याने पार्किंगचा रस्ता दाखवला. भाची गाडीत वैतागली होती. तिला खूश करायला सांता मोनिका पिअरवर गेलो. तिथे 'रूट ६६ संपला' अशी पाटी आहे आणि फोटोसाठी ही भली मोठी रांग. रस्ता संपला त्याची पाटी आहे, डॉट कॉम जिथून निघालं त्याची नाही! मी रांगेत उभा राहायला साफ नकार दिला. भाची राहिली.