गॅदरिंग ते गॅदरिंग

गॅदरिंगची तारीख ठरली की आमच्या शाळेत अभ्यास संपायचा. तसा तो आधी फार जोरात चाललेला असायचा असं नाही. सहामाहीचे पेपर दिवाळीनंतर वाटून झालेले, वार्षिक परीक्षा अजून लांब, ट्रंकेतले स्वेटर बाहेर निघालेले. अशा दिवसांत शिक्षकांनाही फळ्याकडे वळावंसं वाटत नसावं. शिपाईमामा सूचनावही घेऊन वर्गावर्गात फिरायचे. ‘वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण समारंभ’ एवढं बाईंनी वाचेपर्यंत मागच्या बाकांवर कोळीनृत्याच्या जोड्या ठरायला लागलेल्या असायच्या.

पुण्यात नवीन वर्षं तशी बरीच. गुढीपाडव्याचं घरचं, दिवाळीच्या पाडव्याचं रविवार पेठेतल्या वह्यांचं, जूनमधलं अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांचं आणि एक जानेवारीचं कॅलेंडरवाल्यांचं. माझं वर्ष मात्र गॅदरिंग ते गॅदरिंग मोजलं जायचं. कारण साधं होतं. कार्यक्रम दरवर्षी तोच असायचा. तेच ईशस्तवन, तेच स्वागतगीत, पाहुण्यांना तीच शाल आणि तोच नारळ (हा शब्दशः तोच असावा अशी आम्हाला शंका होती), तोच लांबलचक अहवाल. कार्यक्रम जागचा हलत नसल्यामुळे माणसं किती हलली ते लगेच दिसायचं. सहावीत शेवटच्या रांगेत टोपली घेऊन उभी असलेली मुलगी आठवीत पहिल्या रांगेत वल्हं मारायची. दोन वर्षं तुकाराम झालेला मुलगा आवाज फुटल्यावर तिसऱ्या वर्षी अफझलखान व्हायचा. समूहगीतात त्या वयाच्या मुलांना गायनाचे सर मागे उभं करत आणि बजावत, “तुम्ही नुसते ओठ हलवायचे.”

मोठ्यांचीही मोजदाद चालायची. पहिल्या रांगेत निवृत्त शिक्षकांच्या खुर्च्या राखलेल्या असत. त्यांपैकी कोण आलं, कोण काठी घेऊन आलं आणि कोण आलंच नाही, हे आई घरी जाताना बाबांना सांगायची. बाबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. सुटल्यावर सायकलवरून थेट शाळेत यायचे आणि कॅरिअरला डबा तसाच ठेवून मांडवाच्या मागच्या खांबापाशी उभे राहायचे. खुर्ची रिकामी असली तरी बसायचे नाहीत. बसलं की झोप लागते, असं त्यांचं म्हणणं.

शाळेला वेगळं सभागृह नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या वर्गांमध्ये लाकडी घडीच्या भिंती होत्या. त्या सरकवल्या की तालमीचा हॉल तयार व्हायचा. त्या सरकवण्याचा मान दहावीच्या मुलांचा. प्रत्यक्ष गॅदरिंग मैदानात, मांडवात. ड्रेपरीवाल्याकडून आलेल्या शिवलेल्या नऊवाऱ्यांना एक कुबट वास यायचा आणि तो दोन आंघोळींनंतरही जात नसे. रंगभूषाकार आम्हाला ओळीत उभं करून एकाच स्पंजाने सगळ्यांना सारखंच गुलाबी करायचे, मग तो मावळा असो की सीता. मिशी चिकटवायचा स्पिरिटगम इतका चरचरायचा की एका छत्रसालाने भर दरबारात मिशी काढून खिशात ठेवली होती. नाटक पुढे चालू राहिलं. प्रेक्षकांना काही खटकलं नाही, कारण तोवर पडदाही अर्ध्यावर अडकलेला होता आणि तो ओढणाऱ्या मुलाच्या चपला पडद्याखालून सगळ्यांना दिसत होत्या.

पण खरी गर्दी फिशपॉन्डला. आठवडाभर आधी कार्यालयाबाहेर पुठ्ठ्याची पेटी ठेवायचे, चिठ्ठ्या टाकायला. मराठीच्या बाई त्यातल्या निम्म्या फाडून टाकत आणि उरलेल्यांचं शुद्धलेखन सुधारत. त्यामुळे आमच्या शाळेत टवाळीसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून व्हायची. उंच मुलाला दरवर्षी ‘वर हवा कशी आहे?’ पडायचंच. कुणाकडूनही घेतलेली वस्तू परत न करणाऱ्या एकाला पडलं होतं, ‘कंपासपेटी याची, आतलं कर्कटक माझं.’ मला आठवीत पडलं, ‘आकाशवाणी पुणे केंद्र, सभा संपली तरी प्रसारण चालूच.’ मी दोन दिवस रागावून कमी बोलले. तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, “बरं नाही का गं तुला?” नंतर त्या फिशपॉन्डचा मला अभिमानच वाटायला लागला. सातशे मुलांत आपली काहीतरी ओळख आहे, हे त्या चिठ्ठीने पहिल्यांदा सांगितलं.

एकतीस डिसेंबर हा तेव्हा काही मोठा सण नव्हता. आमच्या वाड्यात टीव्ही मालकांकडे. अँटेना सिंहगडाकडे तोंड करून, कारण मुंबई दूरदर्शन पुण्यात यायचं ते गडावरच्या टॉवरवरून. वाऱ्याने ती फिरली की मालकांचा धाकटा कौलांवर चढायचा आणि खाली आम्ही ‘आलं, आलं, गेलं’ असा कोरस धरायचो. त्या रात्री खास कार्यक्रम असायचा, म्हणून सतरा-अठरा माणसं एका खोलीत दाटीवाटीने बसायची. बारा वाजले की मालकीणबाई सगळ्यांच्या हातावर गूळपापडीची वडी ठेवायच्या आणि दिवा मालवायच्या. सकाळी सहाला पाणी यायचं. नवीन वर्ष आलं म्हणून नळ थांबत नसे.

करमणूक अशी दाटीवाटीचीच असायची. गणपतीत मंडळ रस्त्यात पडदा बांधून सिनेमा दाखवायचं. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पडद्यामागे बसायचो. तिकडून सगळं उलटं दिसायचं. नायक डाव्या हाताने गोळ्या झाडायचा आणि पाट्या वाचता यायच्या नाहीत. त्यातला एक सिनेमा मी पुढे टीव्हीवर पाहिला, तेव्हा नायिकेची वेणी चुकीच्या खांद्यावर आहे असंच मला वाटत राहिलं.

आणि डिसेंबरातला सवाई. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला हा गाण्याचा महोत्सव रमणबागेत रात्रभर चालायचा, त्या काळात बाबा आम्हाला न्यायचे. सतरंजी, थर्मास, कानटोप्या, चिक्की. मी पहिल्या ख्यालातच झोपायचे, पण पंडितजी बसले की उठवायचं अशी बाबांना तंबी देऊन. सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावत. हजारो माणसं उजाडताना एका रेकॉर्डपुढे हलायची नाहीत, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं. गायक समोर नाही, मग टाळी कुणाला द्यायची? बाबांना विचारलं, तर म्हणाले, “द्यायची नाही. ऐकायचं आणि चहा प्यायला जायचं.”

पुढे 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद, आणि रात्रभराची बैठक संपली. आता महोत्सव मुकुंदनगरला दुपारपासूनच सुरू होतो. ललत राग ऐकायचा तर पहाटेची वेगळी मैफल गाठावी लागते. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पेठेत वाढलेल्या माणसाने स्पीकरची बाजू घेऊ नये. पण शाळांच्या गॅदरिंगचं नाटक त्यानंतर पळायला लागलं हे खरं. पूर्वी बक्षीससमारंभ लांबला की नाटक अकराला सुरू व्हायचं. आता बक्षीससमारंभ लांबला की शिवाजीमहाराजांना आग्र्याहून दहा मिनिटांत सुटावं लागतं.

कॉलेजात गेल्यावर गॅदरिंगची जागा पुरुषोत्तमने घेतली. महाराष्ट्रीय कलोपासकची ही एकांकिका स्पर्धा 1963 पासूनची. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ सुरू झालं की घसा आपला राहत नाही. मी बॅकस्टेजला होते. माझं काम इस्त्री, चहा आणि प्रयोगात एक दार वेळेवर ढकलणं. सगळा पावसाळा त्या एका दारासाठी घालवला आणि आजही कुठलंही नाटक पाहताना माझं लक्ष आधी दारांकडे जातं. आमची एकांकिका पहिल्या फेरीतच गेली. दार मात्र चोख उघडलं होतं.

मुलगी शाळेत गेली तेव्हा तिचं गॅदरिंग बालगंधर्व रंगमंदिरात होतं. बालगंधर्वांच्या जन्मदिवशी, 26 जून 1968 ला उघडलेलं ते थिएटर. त्या रंगमंचावर मी केवढे केवढे नट पाहिले. तिथे माझी मुलगी ढग होती. मागे मोठ्या स्क्रीनवर पाऊस, गाणी रेकॉर्डेड, नाच बसवायला बाहेरून आलेले तरुण दादा, आणि समोर आम्ही सगळे पालक मोबाइल वर धरून. काहीच चुकलं नाही. पडदा अडकला नाही, कुणाची मिशी पडली नाही, कुणी पुढचं वाक्य आधी बोललं नाही. घरी आल्यावर मी तिला विचारलं, “तुझ्या शेजारचा ढग कोण होता गं?” तिला माहीत नव्हतं. तो दुसऱ्या तुकडीचा होता आणि दोघांची तालीम वेगवेगळी झाली होती. हे ऐकून मला जे वाईट वाटलं, ते तिला समजावून सांगता आलं नाही. तिला त्यात काही कमी वाटत नव्हतं, आणि तिचं बरोबरही असेल.

मधल्या वर्षांत बरंच काही झालं. वाडा बिल्डरकडे गेला, आम्ही कोथरूडला आलो. बाबा गेले. मी बँकेत चिकटले होते. गेल्या मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. तो मार्च एंड माझ्याशिवाय पार पडला याचं बँकेला काही वाटलं नाही. ढग आता बेंगळुरूला नोकरी करतो. संध्याकाळी घरात आम्ही दोघंच. हे आपल्या फोनवर क्रिकेट बघतात, मी माझ्या फोनवर नाटकं. आवड ज्याची त्याची, कानात ज्याच्या त्याच्या तारा. सोय आहे, नाही कशाला म्हणू? जुनी दुर्मीळ गाणी दोन बोटांत मिळतात. पण मध्येच ह्यांना हाका मारून ‘हे बघा हो’ म्हणायचं, तर आधी त्यांच्या कानातलं काढायला लावावं लागतं.

म्हणून मला आमच्या सोसायटीचा एकतीस डिसेंबर आवडतो. शहरात त्या रात्री फर्ग्युसन रस्त्यावर नि कॅम्पात मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी. कुठल्या तरी चौकात ‘दारू नको, दूध प्या’वाले पातेली घेऊन उभे. आम्ही गच्चीवर. वर्षअखेरीला जिल्हाधिकारी बारापर्यंत परवानगी देतात, पण आमचे सेक्रेटरी देत नाहीत. दहाला माइक बंद. त्याआधी हाउजी, पावभाजी आणि सी विंगमधल्या आजोबांची नाट्यछटा. ती तेच लिहितात, तेच करतात आणि दरवर्षी तिचा शेवट बदलतात, कारण आधीचा विसरलेला असतो. दहानंतर विनामाइकच्या भेंड्या, आणि माझ्या मते खरा कार्यक्रम तिथून सुरू होतो. माइक असला की दोघं गातात, नसला की सगळे.

आणि जानेवारीत आमच्या दहावीच्या बॅचचं गॅदरिंग. हे सुरू झालं ते एका मैत्रिणीच्या अमेरिकेहून येण्यामुळे. ती आली की जमायचं असं ठरलं. नंतर ती न येताही जमायला लागलो. कर्वे रस्त्यावरचा छोटा हॉल, बाहेरून मागवलेली मटार उसळ नि जिलबी, आणि कार्यक्रमपत्रिका शाळेचीच. तिच्यावरून अजूनही वाद होतात. पहिल्या वर्षी कुणीतरी ईशस्तवनाऐवजी ‘आइसब्रेकर’ सुचवला होता, त्याला फिशपॉन्ड पडला.

ईशस्तवन म्हणणारी मैत्रीण तीच आहे. शाळेत ती काळी पाचमध्ये गायची. अलीकडे एका वर्षी ती उभी राहिली, आणि पेटीवर बसलेल्या आमच्याच वर्गातल्या मित्राने तिला न विचारता काळी तीनचा सूर धरला. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गायला सुरुवात केली. नंतर जिलबीच्या रांगेत ती त्याला म्हणाली, “एवढ्या खाली आणलंस होय रे मला?” तो म्हणाला, “मीही वरच्या सप्तकापर्यंत वाकायचं टाळतो हल्ली. मणक्यात गॅप आहे.”

यंदाचं निवेदन माझ्याकडे आहे; प्रसारण चालूच राहणार म्हणून मला शेवटी ठेवलंय. कोळीनृत्य व्हायलाच हवं असा मुलींचा हट्ट. मुली म्हणजे आम्ही. वर्गातला एक जण हाडांचा डॉक्टर आहे, त्याने गुडघे न वाकवता मारायच्या वल्ह्यांना परवानगी दिली आहे. ड्रेपरीवाल्याला शिवलेल्या नऊवाऱ्यांसाठी मापं कळवायची आहेत, म्हणून ग्रुपवर मागवली. आतापर्यंत बरीच आली. एकही खरं वाटत नाही. मी माझं अजून पाठवलेलं नाही.