टाकीतली टिकली

कसारा घाटातल्या दुसऱ्या मोठ्या वळणावर गाडीने दम तोडला, तेव्हा खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मागे कांद्याच्या सहा गोण्या, शेजारी मांडीवर वही घेतलेले काका, आणि पाठीमागे कंटेनरवाला हॉर्न दाबून बसलेला. अशा वेळी आनंद होणारा माणूस मिस्तरीच असतो. जी गाडी दोन महिने माझ्यासमोर शहाण्या मुलासारखी वागत होती, तिने शेवटी माझ्या हातात असताना ते करून दाखवलं.

माझं गॅरेज नाशकात पाथर्डी फाट्याजवळ आहे. आमच्या धंद्यात बाहेरच्या माणसाला कळत नाही अशी एकच गोष्ट: बंद पडलेली गाडी सोपी असते. कधीतरीच बंद पडणारी गाडी जीव खाते. गिऱ्हाईक सांगतं, "मिस्तरी, कालच झालं होतं," आणि तुम्ही चक्कर मारून येता तर ती रेशमासारखी चालते. मग गिऱ्हाईक तुमच्याकडे संशयाने बघतं आणि तुम्ही गिऱ्हाइकाकडे.

गाडी 2009 ची इनोव्हा, 3,41,000 किलोमीटर झालेली. 2005 मध्ये चालती क्वालिस बंद करून टोयोटाने इनोव्हा आणली, तेव्हा मी नाशकातल्याच द्वारकेला एका उस्तादाकडे हेल्पर होतो. क्वालिसचे टॅक्सीवाले अक्षरशः हळहळले होते. पुढे तेच इनोव्हाचे भक्त झाले. 2494 सीसीचं डिझेल इंजिन, खाली जीपसारखी स्वतंत्र चॅसी. वेळेवर ऑइल आणि फिल्टर दिले तर पाच लाखांच्या पुढे जाते, हे मी ब्रोशरमध्ये वाचलेलं नाही, माझ्या जॅकवर पाहिलेलं आहे. नाशकात राहून मी महिंद्राच्या विरोधात बोलणार नाही, निम्मी गल्ली सातपूरच्या प्लांटवर जगली. पण सात माणसं, डिक्कीत सामान आणि वर्षानुवर्षं तीच गाडी असा हिशेब असेल तर लोक हीच शोधत येतात.

त्यात ही गाडी काकांची. काका ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले. मिगपासून सुखोईपर्यंत विमानं उघडून परत जोडणाऱ्यांतले. त्यांनी इनोव्हाचं लॉगबुक ठेवलंय, ती मांडीवरची वही म्हणजे तेच. पहिल्या दिवसापासून प्रत्येक लिटर डिझेल, प्रत्येक ऑइल, कुठल्या पंपावर, किती किलोमीटरला, कोणी काम केलं. टाइमिंग बेल्ट दर लाखाला. 2024 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत पासिंगला गेले, तर ही वही बरोबर घेऊन. तिथल्या साहेबांना वहीची काही गरज नव्हती. काकांना होती.

तर दुखणं असं. ठाण्याला मुलीकडून येताना, गाडी भरलेली असताना, कसारा घाटात पिकअप जायचा. एक्सिलरेटर तळाला दाबला तरी गाडी वीसच्या वर जाईना, चेक लाइट पेटायचा, कधी इंजिनच बंद. दहा मिनिटं कडेला उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात घरापर्यंत. शहरात कधीच नाही. टाकी फुल असली तरी नाही. समृद्धीचा बोगदा सुरू झाल्यावर मुलगी म्हणाली, घाटाने येऊच नका. काका म्हणाले, "गाडी घाट चढत नसेल तर ती गाडी नाही. टाळल्याने दोष जात नाही."

त्यांनी आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे पांढऱ्या शर्टातल्या मुलाने स्कॅनर लावला, "रेल प्रेशर लो", म्हणजे इंजिनाला जाणाऱ्या डिझेलचा दाब कमी, असं वाचलं आणि हाय प्रेशर पंप बदलायचं एक लाख अठरा हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. या पोरांना स्कॅनर वाचता येतो, गाडी वाचता येत नाही. स्कॅनर सांगतो की पोट रिकामं आहे. चूल पेटली नाही, की घरात दाणाच नाही, हे तो सांगत नाही. एस्टिमेट बघून काकांचा मुलगा म्हणाला विकून टाकू. जुन्या गाड्या घेणारा दोन लाखांवर येऊन थांबला होता.

मग काका माझ्याकडे आले. तसे ते माझे जुनेच गिऱ्हाईक. इथे मी शहाणपणा सांगायच्या लायकीचा नाही, कारण मीही आधी अंदाजानेच पाना फिरवला. पंपावर एक व्हॉल्व्ह असतो, एससीव्ही म्हणतात, पंपाने किती डिझेल आत घ्यायचं ते तो ठरवतो. जुन्या इनोव्हात तो दगा देतो असा आमच्यात समज आहे. व्हॉल्व्ह बदलला, डिझेल फिल्टर बदलला, मजुरीसकट बावीस हजार घेतले. पुढच्याच रविवारी घाटातून काकांचा फोन: "मिस्तरी, परत तेच. किलोमीटर लिहून घेतलंय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशापेक्षा त्या "लिहून घेतलंय"मुळे.

दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून विचार केला. इनोव्हाच्या टाकीत डिझेल पुढे ढकलणारा पंप नसतो. इंजिनावरचा पंपच टाकीपासून फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो, जसं आपण स्ट्रॉने उसाचा रस ओढतो. वाटेत कुठे बारीक भोक असेल तर डिझेलऐवजी हवा येणार आणि दम जाणार. म्हणून मी फिल्टर ते पंप यांच्यामधला रबरी पाइप काढला आणि त्या जागी पारदर्शक मऊ पाइप बसवला. हवा येत असेल तर बुडबुडे दिसतील. गॅरेजात रेस देऊन पाहिलं, एक बुडबुडा नाही. मुंबई नाक्यापर्यंत जाऊन आलो, काही नाही. बरोबरच होतं, गाडीला घाट हवा होता आणि वजन हवं होतं.

सहा माणसं घाटात न्यायची माझी हिंमत नव्हती. शेजारच्या भाजीवाल्या मामांकडे कांद्याच्या पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या होत्या. ताडपत्री अंथरून सहा गोण्या टाकल्या. काका म्हणाले मी येणार. विल्होळी, घोटीचा टोल, इगतपुरी, खाली कसाऱ्यापर्यंत उतरलो, चहा घेतला आणि गाडी फिरवली. टाकी निम्म्याच्या खाली ठेवली होती. स्कॅनरची वायर काकांच्या पायापाशी, आकडे ते मोठ्याने वाचत होते. डिझेलच्या दाबाची मागणी किती, मिळतंय किती. पहिल्या चढाला दोन्ही आकडे हातात हात घालून. मग दुसऱ्या वळणावर मागणी हजार बारच्या वर गेली आणि काका म्हणाले, "आठशे. सहाशे पन्नास. मिस्तरी, चारशे." आणि गाडीने मान टाकली.

मी बंद करून बॉनेटकडे धावलो. बुडबुडे बघायला वाकलो आणि बुडबुडे नव्हतेच. तो पारदर्शक पाइप चोखलेल्या आंब्याच्या कोयीसारखा चपटा होऊन आत ओढला गेला होता, दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या. बोट लावलं तर घट्ट. मी बघत असताना, तीन-चार मिनिटांत, तो हळूहळू फुगत गोल झाला आणि त्यात डिझेल परत भरलं. इंजिन गरम होतं, कंटेनरवाला शिव्या देऊन गेला होता, आणि मी त्या वीतभर पाइपकडे टक लावून उभा. हवा शोधायला पाइप लावला होता. हवा नव्हतीच. पंप जीव तोडून ओढत होता आणि मागून कोणीतरी तोंड दाबून धरलं होतं. म्हणजे पंप ठणठणीत. लाखाचा तो पंप.

खात्री करायला दुसऱ्या दिवशी जुनी युक्ती केली. पाच लिटरचा कॅन डाव्या सीटपुढे दोरीने बांधला, त्यातून एक पाइप खिडकीतून बॉनेटखाली फिल्टरला, आणि रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल परत आणणारा पाइपही कॅनमध्ये. मूळ टाकी पूर्ण बाजूला. (घरी करून बघू नका, आणि पेट्रोल गाडीवर तर कोणीच नाही.) रिटर्न कॅनमध्ये घेतला नाही तर पाच लिटर कुठच्या कुठे संपतं, हे न कळून फसलेले मिस्तरी मी पाहिलेत. त्याच गोण्या, तोच घाट. काका आकडे वाचत होते आणि आकडे जोडीने चढत होते. इगतपुरीला वर आलो तेव्हा काकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदा हसले. गाडीत कांद्याचा वास भरून राहिला होता.

टाकी उतरवली. बोल्ट गंजलेले, आदल्या संध्याकाळपासून ऑइल मारून ठेवलेलं, तरी एक तुटलाच. उरलेलं डिझेल काढलं, ओढणाऱ्या नळीचं टोक बाहेर घेतलं. त्याला छोटी जाळी असते. सोळा वर्षांच्या गाळाने जाळी तपकिरी झाली होती, पण मधोमध एक गोल स्वच्छ चकाकत होता, जशी भिंतीवरची तसबीर काढल्यावर जागा दिसते. टाकी तिरकी करून माझ्या हेल्परने, छोट्याने, बॅटरी मारली. तळाशी चंदेरी काहीतरी हललं. वाकड्या तारेने बाहेर काढलं.

दहा रुपयांच्या नाण्याएवढी फॉइलची चकती. बाटलीचं सील. छोट्या म्हणाला, "उस्ताद, टिकली." एका बाजूला बाटलीच्या तोंडाची गोल वळी उठलेली, आणि कडेला स्क्रू-ड्रायव्हर खुपसल्याची अर्धचंद्रासारखी खूण.

डिझेल शांत असलं की ती तळाशी पडून राहायची. टाकी रिकामी होत आली, घाटात डिझेल हिंदकळायला लागलं आणि पंपाने जोरात ओढलं की जाऊन जाळीवर बसायची. इंजिन बंद केलं की ओढ सुटायची, परत तळाशी. अठरा महिने हा खेळ चालला होता.

काका चष्मा लावून ती चकती बघत राहिले. "आमच्याकडे याला एफओडी म्हणतात," ते म्हणाले. "फॉरेन ऑब्जेक्ट. हँगरमध्ये प्रत्येक पान्याची जागा बोर्डावर आखलेली असते. संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली तर पाना सापडेपर्यंत विमान उडत नाही." मग त्यांनी वही उघडली आणि मागे जायला लागले. पहिल्यांदा दम तोडला ती तारीख एप्रिलची. तिथून अजून मागे, एक-एक ओळ, बोट फिरवत. डिझेल. डिझेल. हवा. डिझेल. मार्चमध्ये बोट थांबलं.

मी शेजारीच उभा होतो, मला उलटं वाचता येतं. "ऑइल, ऑइल फिल्टर. नोझल क्लीनर 1 बाटली टाकीत. मिस्तरींकडे."

ती बाटली मीच सुचवली होती. तिची गरजही नव्हती, दोनशे रुपये सुटतात म्हणून सगळेच सुचवतात, मीही. आणि बाटलीचं सील मी कधीच सोलत नाही. हात ऑइलचे असतात, नख बसत नाही. खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर कडेला खुपसतो, उचकटतो, ओततो. वीस वर्षांत हजार बाटल्या अशाच उघडल्या असतील. ते सील एका बाजूने चिकटून बाहेर लटकलं की आत गेलं, हे कोण बघतं?

काकांनी बोट उचललं, वही मिटली. म्हणाले काहीच नाही. मीही काही बोललो नाही. म्हणायला हवं होतं. छोट्या समोर होता, दोन गिऱ्हाइकं समोर होती, आणि सकाळपासून सगळी गल्ली मला वाहवा देत होती की वर्कशॉपला जमलं नाही ते पाथर्डी फाट्यावर झालं. ती वाहवा मला सोडवेना.

टाकी धुऊन, जाळी साफ करून, नवे बोल्ट लावून गाडी दिली. मजुरी सांगताना म्हटलं, राहू द्या काका, आधीचे बावीस हजार तुमचे उगाच गेलेत. त्यांनी पाकीट काढलं. "काम केलंय, पैसे घ्या. व्हॉल्व्हचं जुनं झालं." मी घेतले. अजून आठवलं की ते पैसे घेतल्याचंच जास्त लागतं, बाटलीचं कमी. ती चकती त्यांनी मागून घेतली आणि चिकटपट्टीने वहीत लावली. शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहिले. "कारण" या रकान्यात काय लिहिलं ते मला दिसलं नाही, त्यांनी हात आडवा ठेवला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक कॅनचं सील पूर्ण सोलतो आणि छोट्यालाही सोलायला लावतो. तो वैतागतो. आमच्या हातून इतर कुणाच्या टाक्यांत अशा टिकल्या गेल्या असतील याचा मी हिशेब करत नाही, म्हणजे करायचा नाही असं ठरवलंय.

गेल्या आठवड्यात काका सर्व्हिसिंगला आले. मध्ये चार वेळा ठाण्याला जाऊन आले होते, दर वेळी घाटाने, दर वेळी गाडी भरून. मी जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवा कॅन उचलला, झाकण फिरवलं. काका खुर्चीवरून उठून बॉनेटपाशी आले. डाव्या हातात वही. उजवा हात त्यांनी माझ्यापुढे धरला, तळवा वर करून.

"सील इकडे द्या, मिस्तरी."