लास व्हेगसचे तीन दिवस आणि कोलोरॅडोचे तेरा टीएमसी

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मी नाशिकला गंगापूर रस्त्यावरच्या घरी स्थिरावलो, तेव्हापासून लॉस एंजेलिसजवळ राहणारा मुलगा आम्हा दोघांना तिकडे बोलावत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाण्याचे ठरले आणि त्याने फोनवर सांगितले, "बाबा, दोन रात्री लास व्हेगसला जाऊन येऊ, गाडीने साडेचार-पाच तासांचा रस्ता आहे." सौभाग्यवती पलीकडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आपण आयुष्यात कधी पैसे लावून पत्ते खेळलो नाही, त्या कॅसिनोच्या गावात आपण करायचं काय?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ विद्यार्थिदशेपासून तयार होते. त्या गावापासून सुमारे पंचावन्न किलोमीटरवर कोलोरॅडो नदीवरचे हूवर धरण आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात ज्याचे छेद मी वहीत काढले होते, ते धरण पाहायला मिळणार असेल तर सहलीचा पहिला पूर्ण दिवस त्याला द्यायचा आणि उरलेल्या वेळात शहर पाहायचे, अशी अट मी घातली आणि मुलाने ती आनंदाने मान्य केली.

आखणीत सर्वांत महत्त्वाचा ठरला तो वार. शुक्रवारी दुपारपासून अर्धे लॉस एंजेलिस लास व्हेगसकडे निघते आणि रविवारी तीच गर्दी वाटेतल्या बार्स्टो गावाच्या रस्त्याने परतते. खोल्यांची भाडीही शुक्रवार-शनिवारी चढतात. म्हणून आम्ही रविवारी सकाळी उलट्या दिशेने निघालो आणि मंगळवारी परतलो. त्यासाठी नातीची दोन दिवस शाळा बुडवावी लागली, हे मला रुचले नव्हते, तरी वाचलेला वेळ आणि पैसा पाहता निर्णय योग्यच होता. भाड्याबाबत मात्र आमची एक चूक झाली. खोलीच्या दाखवलेल्या दरावर तेव्हा, २०२४ मध्ये, रोजचे वेगळे रिसॉर्ट शुल्क आणि कर लागत, हे आरक्षणाच्या अगदी शेवटच्या पायरीवर दिसले, आणि गाडी उभी करण्याचे पैसे निराळेच होते. दोन हॉटेलांची तुलना करायची असेल तर सगळे धरून होणाऱ्या एकूण रकमेवरूनच करावी. लास व्हेगस ज्या राज्यात आहे त्या नेवाडात एकवीस वर्षांखालील कोणालाही जुगाराच्या यंत्रांपाशी थांबता येत नाही. मूल बरोबर असले तर त्या दालनातून न रेंगाळता पलीकडे जावे लागते. म्हणून ज्या हॉटेलात खोलीपर्यंतची वाट कॅसिनोतून जात नाही, असेच आम्ही शोधून घेतले.

ग्रँड कॅन्यनचा आग्रह अनेकांनी केला होता. त्याची दक्षिण कड लास व्हेगसपासून मोटारीने चार-साडेचार तासांवर आहे. म्हणजे तीन दिवसांतला एक पूर्ण दिवस रस्त्यातच गेला असता. तो बेत आम्ही वगळला.

सोमवारी सकाळी आम्ही बोल्डर सिटीमार्गे धरणाकडे निघालो. हे गाव अमेरिकी सरकारने धरणाच्या कामगारांसाठी वसवले आणि तिथे जुगाराला बंदी घातली. ती बंदी आजही आहे. नेवाडा राज्याने मार्च १९३१ मध्ये जुगाराला कायदेशीर मान्यता दिली आणि धरणाचे कामही त्याच वर्षी सुरू झाले. पगार घेऊन सुट्टीला लास व्हेगसच्या फ्रिमाँट स्ट्रीटकडे जाणारे कामगार हे त्या काळातल्या कॅसिनोंचे गिऱ्हाईक होते, हे समजल्यावर धरण आणि शहर यांना एकाच सहलीत पाहण्याचे माझे समाधान दुणावले.

धरण प्रथम पाहायचे असेल तर ते शेजारच्या पुलावरून पाहावे. २०१० मध्ये खुला झालेला हा पूल नदीपात्रापासून सुमारे २७० मीटर उंच आहे आणि त्याच्या कडेने पायवाट केली आहे. तिथून खाली पाहिले, तेव्हा काळ्या-तांबूस कड्यांच्या मध्ये बसवलेली ती काँक्रीटची कमान एका नजरेत दिसली आणि मला काही वेळ बोलताच येईना. पायापासून उंची २२१ मीटर. आपले कोयना धरण १०३ मीटर. पायाशी जाडी २०१ मीटर, तर माथ्यावर केवळ १४ मीटर. पाण्याचा दाब काही अंशी स्वतःच्या वजनावर घ्यायचा आणि काही अंशी कमानीतून दोन्ही बाजूंच्या कड्यांवर टाकायचा, अशी ही रचना आहे. आम्ही आयुष्यभर मातीची आणि दगडी धरणे सांभाळली. मातीच्या धरणाला रुंद, लांबलचक पसरायला जागा लागते. इथे अरुंद घळीने अभियंत्यांना कमानीची वाट दाखवली.

धरणाच्या आतली तिकिटे आम्हाला तिथेच रांगेत उभे राहून घ्यावी लागली, तेव्हा सकाळी लवकर पोहोचावे हे उत्तम. उद्वाहकाने खाली नेतात आणि जुन्या तपासणी गॅलरींमधून फिरवतात. त्या भिंतींवर हात ठेवून मी नातीला समजावले की सिमेंट आणि पाणी एकत्र आले की उष्णता निर्माण होते. एवढा मोठा ढीग एकसंध ओतला असता तर तो थंड व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती आणि त्याला तडे गेले असते. म्हणून काँक्रीट वेगवेगळ्या ठोकळ्यांत ओतले, त्यांत एक इंच व्यासाच्या पोलादी नळ्यांचे जाळे घातले, त्यांतून आधी नदीचे आणि मग बर्फासारखे गार केलेले पाणी फिरवले आणि काम झाल्यावर त्या नळ्याही सिमेंटने भरून टाकल्या. जून १९३३ मध्ये पहिले काँक्रीट पडले आणि मे १९३५ मध्ये शेवटचे. या बांधकामावर अधिकृत नोंदीप्रमाणे ९६ कामगार मरण पावले. माथ्यालगतच्या मनोऱ्यांवर दोन घड्याळे आहेत, एक नेवाडाच्या वेळेचे आणि एक पलीकडच्या काठावरच्या ॲरिझोना राज्याच्या. हिवाळ्यात त्यांत एका तासाचा फरक असतो. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही एकच वेळ दाखवत होती.

जलाशयाच्या बाजूला मात्र मन उदास झाले. कड्यांवर क्षारांचा पांढरा, रुंद पट्टा दिसतो. पाणी पूर्वी तिथवर होते. लेक मीड, म्हणजे हा जलाशय, पूर्ण भरल्यास त्यात अकराशे टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) अधिक पाणी मावते, म्हणजे आपल्या जायकवाडीची सुमारे अकरा धरणे. जुलै २०२२ मध्ये त्याची पातळी १०४० फुटांपर्यंत उतरली होती. १९३७ मध्ये जलाशय पहिल्यांदा भरत होता, त्यानंतर तोवर इतकी कमी पातळी कधी नव्हती. कोलोरॅडोच्या पाण्याबाबतच्या १९२२ च्या करारानंतर खालच्या खोऱ्याचे जे वाटप झाले, त्यात कॅलिफोर्नियाला वर्षाला ४४ लाख एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट), ॲरिझोनाला २८ लाख आणि नेवाडाला अवघे ३ लाख एकर-फूट पाणी आले. मी सवयीने आपल्या हिशेबात उतरवले: नेवाडाचा वाटा तेरा टीएमसी होतो, म्हणजे गंगापूर धरणाच्या दुपटीपेक्षा थोडा अधिक. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याच्या वेळी जो ताण आम्ही दोन्ही बाजूंच्या माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिला आहे, तो मला त्या रिकाम्या कड्यांवर दिसला.

एवढ्या वाट्यात हे शहर भागते कसे, याचे उत्तर शहरात परतल्यावर मिळाले आणि माझ्या दृष्टीने सहलीतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तीच होती. लास व्हेगसच्या घरांत आणि हॉटेलांत मोरीत, नहाणीत, शौचालयात जाणारे जवळजवळ सर्व पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणले जाते आणि त्यातले बहुतेक लास व्हेगस वॉश या ओढ्यातून परत लेक मीडमध्ये सोडतात. जितके परत सोडले, तितके वाट्याबाहेर पुन्हा उचलता येते. खरा खर्च होतो तो बाहेर शिंपलेल्या पाण्याचा. म्हणून केवळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडोचे पाणी देण्यावर २०२७ पासून बंदी घालणारा कायदा राज्याने २०२१ मध्येच केला. रस्त्याच्या कडेच्या झुडपांखाली काळ्या ठिबकच्या नळ्या पाहून दिंडोरीच्या द्राक्षबागा आठवल्या.

संध्याकाळी मुख्य रस्त्यावर, म्हणजे स्ट्रिपवर, फिरलो. नकाशात दोन हॉटेले शेजारी दिसतात, पण एकेक इमारत एवढी मोठी की चालता चालता गुडघे बोलू लागतात. ज्येष्ठांनी चोवीस तास धावणाऱ्या ड्यूस या दुमजली बसचा पास घ्यावा. बेलाजिओ हॉटेलचे कारंजे सौभाग्यवतींनी चार वेळा पाहिले. ते विनामूल्य आहे, अंधार पडल्यावर दर पंधरा मिनिटांनी होते, आणि त्याच्या सुमारे आठ एकरांच्या तळ्याला नदीचे नव्हे, तर जुन्या गोल्फ मैदानाच्या विहिरीचे पाणी लागते. २०२३ मध्ये उघडलेला दिव्यांचा प्रचंड गोल, स्फिअर, नातीला आवडला. व्हेनेशियन हॉटेलचे छताखालचे कालवे आम्ही धावते पाहिले.

परतण्यापूर्वी स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह, म्हणजे गावाच्या मूळ झऱ्यांची जपलेली जागा, पाहिले. स्पॅनिश भाषेत लास व्हेगस म्हणजे कुरणे. वाळवंटात इथे जिवंत झरे होते, म्हणून वाटसरू थांबत, म्हणून रेल्वेने १५ मे १९०५ रोजी जमिनीचे लिलाव करून गाव वसवले. पुढे उपसा इतका वाढला की १९६२ मध्ये झरे आटले. झऱ्याच्या जुन्या जागेपाशी सौभाग्यवती बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपल्याकडे गोदावरीच्या काठची कुंडं अशीच कोरडी पडायला लागली आहेत, नाही का?" मी होकार दिला. मंगळवारी बाराला गाडी काढली, कारण बार्स्टोला जेवायचे होते आणि नातीची शाळा दुसऱ्या दिवशी आठला होती.