एका चौकटीची परवानगी

गेल्या वर्षी मे महिन्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "कॉमिक्सवर लिहा. पण बालपणीच्या आठवणी नकोत, चित्रकारांवर लिहा." मी आठ वर्षं मुक्त पत्रकार म्हणून काम करते. घर चालतं ते सिनेमे आणि वेबमालिकांच्या परीक्षणांवर. शुक्रवारी पहिला खेळ पाहायचा आणि दुपारपर्यंत मजकूर पाठवायचा. जीव मात्र कॉमिक्स आणि ॲनिमेशनमध्ये अडकलेला. त्यावर चार हजार शब्द लिहायला मिळणार म्हणून मी मानधन न विचारताच हो म्हटलं.

मग संपादक सर म्हणाले, "मजकूर जुलैअखेर द्या. चित्रं पंधरा ऑगस्टपर्यंत. आणि चित्रांच्या परवानग्या तुम्हीच आणायच्या."

वर्तमानपत्रात नोकरी करताना चित्रांचं काम दुसरं कोणीतरी करायचं. सिनेमावर लिहिताना निर्मातेच फोटो पाठवतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या कॉमिक्समधली एक चौकट छापायची तर विचारायचं कोणाला, हे मला ठाऊक नव्हतं.

चित्रांशिवाय तर लेख उभाच राहिला नसता. 1967 साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिचे चित्रकार राम वाईरकर पानातली रिकामी जागा कशी वापरतात, किंवा तिचेच दुसरे चित्रकार प्रताप मुळीक घोड्याच्या मानेला कसा झोक देतात, हे शब्दांत कितीही सांगितलं तरी वाचकाला दिसत नाही. परदेशी नायकांच्या चित्रकथा छापणाऱ्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये 1976 साली आबिद सुरतींनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणियांनी रेखाटलेला भारतीय नायक 'बहादूर' आला. त्याची देहबोली परदेशी नायकांपेक्षा कुठे वेगळी, हेसुद्धा चित्रांची तुलना करूनच पटतं.

मी नऊ चित्रांची यादी केली आणि एका वकील मैत्रिणीकडे गेले. तिने प्रत्येक चित्रापुढे एकच प्रश्न लिहिला : हे कशासाठी छापताय? 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराला मुभा देतं. एखाद्या चौकटीची मांडणी मी शेजारच्याच परिच्छेदात उलगडून सांगत असेन, तर ती चौकट लहान आकारात, श्रेय देऊन छापता येईल. पण संपादकांना लेखाच्या सुरुवातीला पानभर रंगीत चित्र हवं होतं. ती सजावट झाली, तिला परवानगी लागणार. तिच्या या विभागणीने माझं काम निम्म्यावर आलं. पाच चित्रं समीक्षेत बसली, उरली चार.

त्यांपैकी एकाचे हक्क परदेशी कंपनीकडे होते. त्यांनी फॉर्म पाठवला : अंकाच्या प्रती किती, भाषा कोणती, कोणत्या देशात विक्री, चित्र पाव पान की अर्धं. सगळं भरून दिलं. त्यांनी सांगितलेली फी माझ्या मानधनाहून जास्त होती, म्हणून ते चित्र सोडलं. दोन चित्रांना प्रकाशकांनी तीन आठवड्यांत लेखी होकार दिला. माझ्या पहिल्या मेलमध्ये अंकाचं नाव आणि पान क्रमांक नव्हता म्हणून एक आठवडा वाया गेला. एवढंच शिकले : पहिल्याच पत्रात स्कॅन, मूळ अंकाचा क्रमांक, पान आणि आपला नेमका वापर लिहायचा. समोरच्याला शोधाशोध करायला लावली की पत्र तळाशी जातं.

चौथं चित्र अडलं. ते एका बंद पडलेल्या छोट्या प्रकाशनाचं होतं आणि मला सगळ्यांत जास्त तेच हवं होतं. नदीकाठची पावसाळी रात्र, फक्त काळ्या शाईत. चित्रकार वारलेले. अंकात त्यांचं नाव आतल्या पानावर, बारीक इंग्रजी टायपात.

माग लागला तो एका निवृत्त अक्षरलेखकांमुळे. त्या काळी मराठी आवृत्तीतले संवाद हाताने लिहिले जायचे. संवादांचे फुगे काढलेले असायचे इंग्रजी मजकुराच्या मापाने. मराठीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, म्हणजे ओळीला जास्त उंची हवी. "शब्द कापायला अनुवादक तयार नसायचे, मग आम्हीच अक्षर बारीक करायचो," ते म्हणाले. त्यांच्याशी दोन तास बोलून लेखातला एक अख्खा भाग नव्याने लिहिला. निघताना त्यांनी चित्रकारांच्या पत्नीचा बदलापूरचा पत्ता दिला.

काकूंनी दार उघडल्यावर पहिलं विचारलं, "पैसे मागायला आलात की द्यायला?" मी म्हटलं, "काकू, परवानगी मागायला आलेय." त्यांनी चहा ठेवला.

हक्क नक्की कोणाचे, याचा कागद त्यांच्याकडे नव्हता. त्या काळी पानामागे ठरलेले पैसे मिळायचे, करार कोणी करत नसे, मूळ चित्रं प्रकाशकाकडेच राहायची. मैत्रिणीने सांगितलं होतं की लेखी हस्तांतर नसेल तर प्रकाशकाचा दावा गृहीत धरता येत नाही. तरी मी जुन्या प्रकाशकांच्या वारसांनाही शोधून काढलं आणि त्यांच्याकडून आमची हरकत नाही एवढं एका ओळीत लिहून घेतलं. मग काकूंसाठी मराठीत पत्र केलं : हे एकच चित्र, या एकाच अंकात, फक्त छापील स्वरूपात, सोबत चित्रकाराचं नाव. आठ ओळी झाल्या. मानधनातला काही भाग त्यांच्या नावाने लिहिला. त्यांनी तो आकडा खोडून निम्मा केला. मी पुष्कळ समजावलं, पण त्या बधल्या नाहीत.

सही करण्याआधी त्यांनी चष्मा लावून पत्र पुन्हा वाचलं आणि नावावर थांबल्या. आडनावातल्या इंग्रजी 'डी'चा मी 'ड' केला होता. त्यांनी तो खोडून वर 'द' लिहिला. "इतकी वर्षं इंग्रजीतच छापलं. विचारणार कोण?"

मला फार लाज वाटली. पत्रात मी मोठ्या आत्मविश्वासाने श्रेय देण्याचं वचन दिलं होतं, आणि ते श्रेयच चुकीचं होतं. कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी कलाकृती आपली आहे असं सांगण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो, हे कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे. पण नावच धड लिहिलं नाही तर त्या हक्काला काय अर्थ? रोमन लिपीत 'मुळीक' छापलं की वाचणारा सहज 'मलिक' करतो. घरी येऊन मी यादीतलं प्रत्येक नाव पुन्हा तपासलं, जिथे देवनागरीत सही सापडली तिथे तीच प्रमाण मानली. आणखी दोन चुका निघाल्या.

काकूंच्या यजमानांचं नाव मी इथे लिहीत नाही. काकूंनी परवानगी त्या अंकापुरती दिली आहे आणि तो शब्द मला पाळायचा आहे.

शेवटची खटपट स्कॅनची. जुन्या छपाईतले ठिपके स्कॅन केल्यावर चित्रावर जाळी उमटवतात. रंगीत चित्रांसाठी अंकाच्या मांडणीकाराने दोन रात्री जागून ती काढली. काळ्या शाईच्या चित्राला 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके इतक्या बारकाईने स्कॅन केलं, तेव्हा पावसाच्या रेषा एकमेकींपासून सुट्या दिसू लागल्या. परवानग्यांची फाइल तेरा ऑगस्टला संपादकांना दिली.

ऑक्टोबरमध्ये अंक घेऊन पुन्हा बदलापूरला गेले. काकूंनी आधी अनुक्रमणिका पाहिली, मग चित्र, मग चित्राखालचं नाव, आणि अंक टीव्हीशेजारी उभा करून ठेवला. नंतर कपाटावरची एक पत्र्याची पेटी मला खाली काढायला सांगितली. आत पेन्सिलीची कच्ची रेखाटनं होती, काही त्यांच्या यजमानांची. पण अकरा पानांवरचा हात वेगळा होता, जाडसर रेषेचा, फार सुंदर. कोपऱ्यात दोनच अक्षरं : वि. म.

"हे कोण, काकू?"

"यांच्याबरोबर बसायचे. विठ्ठल असावेत. आडनाव नाही आठवत."

मी अकरा पानांचे फोटो काढले आणि तिथूनच अक्षरलेखक काकांना फोन लावला.