सर्फिंग नोंद: शेवटचे दोन हात

फुटलेल्या, फेसाळ लाटांवर उभं राहणं आता जमतंय, म्हणून हा महिना न फुटलेल्या लाटांना दिला. जागा गोव्यातला आश्वे किनारा, वेळ भल्या सकाळची. ऊन चढून समुद्रावरून वारा सुटला की पाणी विस्कटतं; तोवर जमिनीकडचा मंद वारा लाटेचं तोंड, म्हणजे तिचा पुढचा उतार, गुळगुळीत ठेवतो. शिकणाऱ्याने ही वेळ चुकवू नये.

मोठा फरक पडला तो शेवटच्या दोन हातांनी. लाट मागून येऊन बोर्डाची शेपटी उचलते, वाटतं मिळाली, आणि पॅडल करणारे, म्हणजे बोर्डावर पालथं पडून पाणी मागे सारणारे हात आपसूक थांबतात. नेमकी तेव्हाच ती खालून निघून जाते. शेपटी उचलली गेल्यावरही दोन जोरकस हात मारायचे, छाती वर, नजर किनाऱ्याकडे. बोर्ड स्वतःहून घसरू लागला की मगच पॉप-अप, म्हणजे एका झटक्यात उभं राहणं. गेल्या आठवड्यात हे सलग जमलं आणि पायाखाली पहिल्यांदा तो सुसाट वेग जाणवला. अजून अंगातून गेलेला नाही!

निवडणूक असो की शेअर बाजार, 'लाटेवर स्वार झाला' असं आपण सहज म्हणून टाकतो, जणू त्या माणसाला नुसत्या नशिबानेच उचलून नेलं. पाण्यात बसलं की दिसतं, तीच लाट आजूबाजूच्या सगळ्यांच्या खालून जाते. नेते मात्र आधीपासून हात मारत असलेल्यालाच.

म्हणून मला सर्फर ल्यूक शेपर्डसनचं फार कौतुक. हवाईतल्या ओआहू बेटावर, वायमिया बे इथे एडी आयकाऊच्या नावाची स्पर्धा लाटा पुरेशा प्रचंड असतील तरच भरते. २०१६ नंतर ती भरली थेट जानेवारी २०२३ मध्ये. शेपर्डसन त्या दिवशी तिथेच जीवरक्षक म्हणून ड्यूटीवर होता. कामातल्या ब्रेकमध्ये बोर्ड घेऊन उतरायचा, पुन्हा ड्यूटीवर परतायचा. आणि जिंकला तोच! एडीही त्याच किनाऱ्यावरचा जीवरक्षक होता. समुद्र नेमका त्या दिवशी उसळला हे शेपर्डसनचं भाग्य, पण त्या पाण्याची ओळख त्याने रोजच्या रोज कमावलेली होती.

पावसाळ्याआधीचं काम ठरलंय: सरळ किनाऱ्याकडे न येता लाटेच्या तोंडावरून तिरकं जायचं, आधी डावीकडे. बोर्डाचं नाक तुम्ही पॉप-अपच्या आधीच वळवता की उभं राहिल्यावर? लांब सॉफ्ट बोर्डवर शिकलेल्यांनी जरूर सांगा.