एमिली शॉर्ट, क्रमाने: ‘काउंटरफीट मंकी’पर्यंत

एमिली शॉर्ट ही इंटरॅक्टिव्ह फिक्शनची, म्हणजे आज्ञा टाइप करून खेळायच्या मजकुरी गोष्टींची (थोडक्यात आयएफ), लेखिका. तिचे खेळ जमेल तेवढे प्रसिद्धीच्या क्रमाने खेळायचे आणि सोबत इन्फॉर्म ७ मध्ये, म्हणजे असे खेळ लिहायच्या भाषेत, स्वतःची एका खोलीची गोष्ट लिहीत जायची, हा उद्योग चालू आहे. ‘काउंटरफीट मंकी’ नुकतीच संपली, म्हणून ही नोंद. कोडी फोडणार नाही.

सगळ्यात जास्त रेंगाळले ती ‘गॅलेटिया’पाशी (२०००). एक दालन, त्यात एक पुतळा, आणि तो बोलतो. शिल्पकार पिग्मेलियनने घडवलेला पुतळा जिवंत होतो, त्या पुराणकथेतली ही बाई. शॉर्टचा मूळ अभ्यास ग्रीक-लॅटिनचा, तो इथे कामी आलाय. सोडवायला कोडं नाही, मिळवायला वस्तू नाही. विचारायचं, सांगायचं, हात लावून पाहायचा. शेवट मात्र डझनावारी. त्या वर्षीच्या आयएफ आर्ट शो या स्पर्धेत हिला सर्वोत्कृष्ट ठरवलं गेलं, ते पटतं. ट्रान्स्क्रिप्ट (खेळातल्या सगळ्या मजकुराची नोंद) चालू ठेवून खेळा, म्हणजे आतली यंत्रणा दिसायला लागते. एकच प्रश्न सुरुवातीला आणि मग बऱ्याच गप्पांनंतर विचारला की उत्तर बदलतं. आत्तापर्यंत काय बोलणं झालं आणि तिचा कल कुणीकडे आहे, याचा हिशेब मागे चालू असतो.

‘साव्वार-फेर’ (Savoir-Faire, २००२) अगदी उलट्या टोकाची. अठराव्या शतकातलं फ्रान्स, रिकामी हवेली, आणि एकमेकींसारख्या दोन वस्तू मंत्राने जोडायची विद्या. जोडल्या की एकीचं जे होईल ते दुसरीचंही. एवढ्या एका नियमातून अख्खा खेळ उभा केलाय. आयएफसाठीच्या एक्स-वाय-झेड-झेड-वाय (XYZZY) पुरस्कारांतला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार हिचाच. पहिल्यांदाच पार्सर खेळ (आज्ञा टाइप करून खेळायचा) खेळणाऱ्याच्या हाती मात्र ही देऊ नका. त्याला ‘ब्राँझ’ (२००६) द्या, त्यात नवख्यांसाठी वेगळी सोय आहे. ‘ब्राँझ’चा सोर्सही (मूळ कोड) खुला आहे. इन्फॉर्म ७ चं मॅन्युअल वाचून जे डोक्यात शिरलं नाही, ते तो सोर्स वाचताना शिरलं. इन्फॉर्म ग्रॅहम नेल्सनचं, पण ७ च्या मॅन्युअलमधल्या उदाहरणांमागे शॉर्टचे कष्ट आहेत.

‘फ्लोटपॉइंट’ने २००६ ची आयएफकॉम्प ही आयएफची वार्षिक स्पर्धा जिंकली. मला ती तिच्या मधल्या फळीतली वाटते. कल्पना भारी, पण जग नीट कळायच्या आत निर्णय घ्यायची वेळ येते.

आणि ‘काउंटरफीट मंकी’. २०१२ च्या शेवटच्या दिवशी आली आणि एक्स-वाय-झेड-झेड-वायमध्ये त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळ ठरली. हातातल्या यंत्राने वस्तूच्या नावातलं अक्षर काढायचं, की वस्तूच बदलते. खेळाडू काय काय टाइप करून बघेल याचा अंदाज घेऊन एवढ्या वस्तू आधीच तयार ठेवणं, हे वेड्या माणसाचंच काम! मला त्याहून आवडलं ते नायिकेच्या शरीरात दोन माणसं असणं. आज्ञा एकाने पाळायची आणि दुसऱ्याने त्यावर शेरा मारायचा. निवेदनाचंच पात्र झालंय.

आता माझी गोष्ट. दीपगृहाचा रखवालदार, एवढंच एक पात्र. विषयांचं टेबल तयार आहे. प्रत्येक विषयापुढे ‘आधी बोलून झालंय का’ याची खूण, आणि सगळ्या संभाषणाला मिळून एकच आकडा: विश्वास. राग, भीती, जिव्हाळा असे वेगळे आकडे ठेवता आले असते, पण एकच असला की उत्तर लिहिताना तो सतत डोळ्यांपुढे राहतो, आणि बदल खेळणाऱ्याच्याही लक्षात येतो. अडतंय ते दुसरीकडेच. दोन-चार प्रश्न झाले की खेळाडूला पुढे काय विचारावं तेच सुचत नाही. त्यावर ‘अलाबास्टर’मधली (२००९) सोय उचलली आहे: पुढे काय विचारता येईल ते मजकुरातच सुचवायचं. मी एका वेळी दोनच विषय सुचवते. त्याहून जास्त दिले की लोक मेनू समजून वरपासून खालपर्यंत सगळे विचारत सुटतात.

यापुढे पार्सर बाजूला ठेवून ‘व्हर्सू’कडे वळणार आहे. रिचर्ड इव्हान्ससोबत तिने केलेली ही यंत्रणा २०१३ मध्ये आली. त्यात प्रत्येक पात्राला स्वतःचे हेतू असतात, खेळाडू गप्प बसला तरी पात्रं आपापसांत व्यवहार करत राहतात. माझा रखवालदार अजून विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. विश्वास कमी असताना त्याने स्वतःहून विषय बदलावा, एवढं आधी जमवायचं आहे. त्यासाठी खेळाडूच्या दर आज्ञेनंतर चालणारा एक नियम लिहायला घेतलाय.