खुर्चीच्या पायांमधली जागा

आज भिंतीवर सगळ्यांची कोळशाची चित्रं ओळीनं लावली होती. चित्र ज्याचं, त्यानं गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. या चित्रकलेच्या शाळेतली मला सर्वांत जड जाणारी वेळ.

माझ्या खुर्चीच्या चित्रावर ३ आठवडे गेले होते. मैत्रीण म्हणाली, "खुर्ची छान आहे गं, पण पायांमधली रिकामी जागा तू पाहिलीच नाहीस." छातीत धस्स झालं, कारण ते खरं होतं. त्या मोकळ्या आकारांवरूनच प्रमाण कळतं, हे मॅडम पहिल्या दिवसापासून सांगतायत.

इथं येण्याआधी आम्ही प्रत्येक जण आपापल्या वर्गात सर्वांत चांगली चित्रं काढायचो. आता तसे सगळे एकाच खोलीत आहोत. शिवाय गणित-विज्ञान सुटलेलं नाहीच. कॉलेजच्या त्याच मोजक्या जागांसाठी ती मैत्रीण आणि मी, दोघीही पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक चित्रांचा संच, पाठवणार आहोत. तरी तिनं ते सांगितलं. मला याचं फार मोल वाटतं.

शाळा सुटल्यावर थांबले. मऊ खोडरबरानं कोळसा उचलला, आधी फक्त मधले तिरके आकार काढले. खुर्ची अखेर जमिनीवर टेकली. मनगटापर्यंत काळी होऊन वर बघितलं तर ती दाराशी उभी. उद्या तिच्या चित्राची पाळी आहे.